खरखरवाल्यांचा पंधरवडा

९ जाने., शुक्रवार

तुरीच्या शेंगा सोलून नखं काळी. गुडघा सकाळपासून भांडतोय.

प्र. कॉलेज संपवून घरी बसली आहे, म्हणून वही तिच्या हाती. माझी नात, माझी लेखणी. मी बोलते वऱ्हाडी, ती लिहिते शाळेतलं. तक्रार केली तर म्हणते, "आजी, अर्थ तोच राह्यते." राहत असेल. ज्याला अक्षर येत नाही त्याला विश्वासाशिवाय गती नाही, आणि माझ्याकडे तो बेताचाच.

गावात गाण्याचा उत्सव लागलाय. तीन दिवस, शाळेच्या मैदानावर. प्र.ने दोन पास आणले. कुठून? "मिळाले." मिळाले म्हणजे कोणी दिले, ते नाही सांगितलं. संध्याकाळी गेलो. मोठ्या मंचावर शाल पांघरलेला गवई, एकच ओळ पाऊण तास घोळवत होता. मी म्हटलं, पुढचं विसरला की काय. पुढच्या खुर्चीवरची बाई वळून बघायला लागली. माझी काय चूक, मी हळूच बोलले होते.

चहा बरा होता. घोटभरच होता पण.

१० जाने., शनि.

आज भजनं आहेत म्हणून नेलं मला. भजनं कुठली. प्र.ने हात धरून मागे नेलं, आकाशपाळण्याच्या पलीकडे, एका लहान तंबूत. आत वीस-पंचवीस पोरंपोरी मांडी घालून. समोर एक बाई, एक दाढीवाला, पुण्याचे. तबला नाही, पेटी नाही. टेबलावर वायरींचं जाळं, कुकरचं झाकण, सायकलची रिंग. बाई झाकणावर लोखंडी काडी ओढते आणि स्पीकरच्या डब्यातून असं काही बाहेर पडतं की दात शिवशिवतात. मग खरखर. मग कळंब रोडच्या जिनिंगमधला आवाज, कापसातून सरकी निघतानाचा, यंत्रात भरून आणलेला.

मी प्र.ला विचारलं, "वायर लूज हाये का वो त्याईची?"

"आजी, हेच हाये संगीत. नवीन प्रकारचं."

"असं. मंग आपल्या मिक्सरनं काय पाप केलं?"

ती हसली नाही. डोळे मिटून ऐकत होती. देवळात नाही, विहारात नाही, इथे मिटले डोळे. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शेवटी दाढीवाल्याने टेबलाखालून डफडं काढलं.

गोल लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं, एक जाड काडी, एक बारीक. गळ्यात अडकवून वाजवू लागला. पोरं उठून नाचायला लागली. आणि त्याच्या हातात चाल होती मयताची. पुढे तिरडी असते ना, तेव्हाची. सत्तर वर्षं होत आली ऐकून, तरी माझे पाय आपोआप बाजूला सरले, वाट द्यायला. तंबूच्या तोंडाशी शेंगदाणे विकणारा एक म्हातारा उभा होता, त्याने डोक्यावरची टोपी काढली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाकी सगळा तंबू नाचत होता.

संपल्यावर गेले पुढे. "कोण मेलं जी?"

दाढीवाल्याला वाटलं कौतुक करते आहे. म्हणाला, "आजी, ही लग्नातली पारंपरिक चाल आहे. जुन्या रेकॉर्डिंगवरून बसवली."

"लग्न असंल बापा. पण नवरदेव चौघाच्या खांद्यावर हाये."

तो गोरामोरा. वायरवाली मात्र धावतच आली. तुम्हाला कसं माहीत, आणखी चाली येतात का, घरी आलो तर चालेल का. मी म्हटलं मला काही येत नाही, गुडघा दुखतो, घर गाठायचं आहे.

तोंड उघडायला नको होतं. हे मोठ्या अक्षरात लिही.

११ जाने., रवि.

तिसरा दिवस, गेलो नाही. घरीच उत्सव झाला.

वि.ला कळलं. माझा मुलगा, प्र.चा बाप, एस.टी. डेपोत मेकॅनिक. भांडण करत नाही, भात चिवडतो. चिवडत म्हणाला, "डफडं पाह्याले गेलत्या? माह्या आजोबानं टाकलेलं? पास काढून?"

प्र. म्हणाली, "बाबा, ते लोक कला म्हणून वाजवतात."

"त्याईले कला राह्यते. आपल्याले बोलावणं राहे."

वि.ने ते डफडं कधी पाहिलंही नाही. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी गेलं. पण नाव निघालं की त्याच्या कपाळाची शीर तटतटते. काही गोष्टी न बघताच वारशाने येतात, जसे माझे गुडघे त्याला आले.

सून असती तर विषय बदलला असता. ती उमरखेडला नर्स, पंधरा दिवसांनी येते.

मी कोणाच्याच बाजूची नाही. असं लिहून ठेव, पुढे कामी येईल.

१३ जाने., मंगळ.

खरखरवाले घरी आले. हेच नाव ठेवलंय मी त्यांना. प्र. म्हणते तिने पत्ता दिला नाही. मग काय वासावर आले?

वायरवालीचं नाव ईरा. प्र. तिला लगेच ईराताई म्हणू लागली. चार दिवसांची ओळख आणि ताई. दाढीवाला अवघडून बसला, शनिवारचं लागलंय त्याला. उत्सव संपला तरी दोघं गेले नाहीत. स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम, इथले आवाज गोळा करताहेत.

ईराने काड्यापेटीएवढं यंत्र काढून खाटेवर ठेवलं. लाल दिवा लागला. मी त्यावर टोपलं पालथं घातलं.

"आजी, टोपल्याखालूनही येतो आवाज."

"येऊ द्या. निदान आपण दिसणार तं नाई त्याले."

मग मीच विचारत गेले. हे नेऊन करता काय? जपून ठेवतो. कोणासाठी? सगळ्यांसाठी. सगळे म्हणजे कोण, कुठी राह्यतात? ती हसली. तुमच्या घरी कोण वाजवत होतं? म्हणाली, माझे बाबा बँकेत होते. म्हटलं, मग बँकेतलं वाजवा ना, आमच्या गावाच्या वेशीवरचं कायले?

हे ऐकून दाढीवाला खाली बघू लागला. ईरा बघत राहिली. म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." इतक्या लवकर कबूल करणारं माणूस मला नको वाटतं.

तरी शिकवली एक. लग्नाची खरी चाल, म्हटलं, ही घ्या. खाटेच्या लाकडावर दोन बोटांनी. टक, टक, धुडधुड, टक. मग जरा थांबा. मग धुड. दाढीवाल्याने डोळे मिटले. अशी आडवीतिडवी लय कधी ऐकली नव्हती म्हणाला. सातआठदा वाजवून घेतली.

प्र. मला विचारत होती, हसते काहून. उबळ आली होती.

(ईराताई. रविवार २५, नागपूरचा कार्यक्रम. मी वाजवणार. हो म्हटलं. बाबांना नंतर.)

१५ जाने., गुरु.

रोज चारला लायब्ररी. सातला परत. नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास म्हणे.

काल ताट घासताना प्र.चा हात पाहिला. तळहाताला फोड. मी म्हटलं, पुस्तकं फार टणक झाली वाटतं हल्ली. म्हणाली, बादलीच्या कडीचे आहेत. आमच्या घरात नळ येऊन पंचवीस वर्षं झाली.

आणि ओढणीला धुराचा वास. वाळल्या गवताचा. डफडं शेकल्याशिवाय बोलत नाही, कातडं ताणावं लागतं जाळावर. तो वास मला झोपेतही कळेल.

मी वि.ला सांगितलं नाही. अजून नाही.

लिहिताना हिचे कान लाल झालेत. हे पण लिही. लिहिलं का?

(लिहिलं.)

१७ जाने., शनि.

आज पकडली गेले.

दुपारी वही घेऊन बसलो तोच शेजारची पिठाची चक्की सुरू झाली. ज्वारी ओतली की तिचा पट्टा अडकत अडकत चालतो. प्र.ची लेखणी थांबली. कान टवकारले.

"आजी."

"काय व?"

"हे तं लग्नाचं हाये."

"कोणाचं लग्न?"

"टक, टक, धुडधुड, टक. तू त्याईले चक्की शिकवली."

"चांगली चक्की हाये. चाळीस वर्षांत बिघडली नाई."

आधी रागावली, मग हसू फुटलं, मग पुन्हा रागावली. म्हणाली, तो बिचारा चार दिवसांपासून रियाज करून राह्यला. मी म्हटलं, मयतावर नाचवलं तेव्हा नाही वाटलं बिचारं?

खरं सांगते. मला बघायचं होतं, हे लोक विचारतात की गिळतात. एकाने जरी म्हटलं असतं, आजी, हे पटत नाही, तर दोन शब्द खरे बोलले असते.

प्र.ने जाऊन सांगून टाकलं. मला वाटलं आता तोंड दाखवणार नाहीत. तर संध्याकाळी दोघं हजर, वायरींची पिशवी घेऊन, थेट चक्कीत. चक्कीवाल्याच्या पोत्यांवर बसून तासभर आवाज भरला. पांढरे होऊन बाहेर आले. ईरा इतकी हसत होती की पापण्यांवरचं पीठ गळत होतं. म्हणे, आजी, तुमच्यामुळे सापडलं हे.

आता अशांना फसवायचं तरी कसं? ज्याला सगळंच चालतं त्याला खोटं देताच येत नाही.

पण मग तेच मनात फिरत राहिलं. त्यांना मयत काय, लग्न काय, चक्की काय, सगळे आवाज सारखे. आपल्याला तसे नाहीत. सारखे असते तर किती बरं झालं असतं, असंही वाटलं. घटकाभर.

जाता जाता ईरा म्हणाली, "खरी चाल द्यायची नसेल तर देऊ नका. मी मागणार नाही." न मागणाऱ्याचा मला जास्त संशय येतो. मागणाऱ्याला निदान नाही म्हणता येतं.

१३ तारखेचं खोडू नको. खोटं होतं, पण त्या दिवशी तेच झालं.

१९ जाने., सोम.

(आज विजय लिहितो आहे. आई सांगते तसं.)

प्र. खोलीत. कडी आतून.

झालं ते असं. मला शंका आली की पोरीने फोडांचं लिहिलंच नसेल. धुराचं पण गाळलं असेल. मला कोण सांगणार? तर सकाळी ती दोरीवरचे कपडे काढायला गेली तेव्हा वही वि.ला दिली, म्हटलं, वाच बरं पंधरा तारखेचं. माझ्याच पायावर माझीच कुऱ्हाड. फोडांचं वाचून घेतलं म्हणजे त्याला कळणार, हे मला उमगलंच नाही. मला फक्त पोरीची चोरी धरायची होती.

त्याने पान उलटायच्या आधी वरचं वाचलं. तेराचं. चक्कीची चाल वाचताना तोही हसला. मग थांबला. मी म्हटलं, वाच ना. त्याने वाचलं. ईराताई. रविवार. नागपूर. हो म्हटलं. बाबांना नंतर.

मग पंधराचं पण वाचलं. फोड होते. धूर होता. लाल कान होते. एक अक्षर गाळलं नव्हतं पोरीने. उलट तिची एक ओळ जास्त होती. जिथे कोणी बघणार नाही असं तिला वाटलं तिथे ठेवलेली. माझ्या वहीत, कारण मला वाचता येत नाही.

प्र. दारात कपड्यांचा गठ्ठा घेऊन उभी. "कोणी वाचाले लावलं?"

वि. म्हणाला, "तुह्या आजीनं."

तिने माझ्याकडे पाहिलं. गठ्ठा तिथेच टाकला आणि आत जाऊन कडी लावली.

वि. म्हणाला नागपूर नाही, डफडं नाही, लायब्ररी पण नाही. मग डेपोत निघून गेला. संध्याकाळी आला तेव्हा त्यालाच म्हटलं, बस इथे, लिहिणारा आज दुसरा कोणी नाही. आणि लिहितोच आहेस तर ऐक.

माझा बा वाजवायचा. गावात मयत, बा पुढे. लग्न, बा मांडवाबाहेर. दवंडी, पोळा, पाटलाकडे पाहुणा आला, बा हजर. नागपूरला दीक्षा झाली, बा चालत गेला, परत आला तो वेगळाच होऊन. मी सातआठ वर्षांची असेन. पुढच्या पोळ्याला पाटलाचा माणूस आला, चाल म्हणून. बा म्हणाला, येत नाही. दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बाने विळ्याने कातडं फाडलं, त्याच्यासमोर. रिकामं कडं दाखवलं आणि म्हणाला, वाजव तू.

मग वाण्याने मीठ बंद केलं. आठ दिवस आम्ही अळणी भाकर खाल्ली. नवव्या दिवशी बा दारव्ह्याच्या बाजारात गेला आणि मीठ आणलं. येता-जाता दिवस गेला. कडं माझ्या मायने फेकलं नाही, त्यावर माठ ठेवला. बरोबर बसला.

(मी आईला म्हटलं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मिठाचं. — वि.)

तू विचारलं नाहीस.

वि. म्हणतो, "मंग तं नाईच, माय."

मग म्हणाला, "तू ऐकलं हाये ते, पाह्यलं हाये. मी काय, नुसता राग घेऊन बसलो. तू हो म्हण, मी आडवा येत नाई. नाई म्हण, तं मी तिले सांगतो, तुह्यावर येऊ देत नाई."

म्हणजे सगळं माझ्या पदरात. शहाणा आहे माझा लेक. अक्षर बरं नाही पण, मघापासून बघते, फार जागा खातो.

२१ जाने., बुध.

प्र. दोन दिवस बोलली नाही. आज वही घेऊन आली, पेनचं टोपण काढलं. "सांग."

म्हटलं, लिही, आजी चुकली. एकदाच लिही, दोनदा नको.

लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि बोलायला लागली. आठवेल तसं सांगते, बघ बरोबर आहे का.

"आजी, तवा पाटलाचा माणूस येत होता. मले कोणी बोलावलं नाई. मीच गेली."

"हुकूम कोणाचा, ते ऐकणाऱ्याले दिसत नाई. गळ्यात डफडं दिसते."

"दिसू दे. मी त्याईच्या डोळ्यात पाहून वाजवीन."

"अन् त्याच नाचणाऱ्या पोराईनं उद्या म्हटलं, आमच्या घरच्या लग्नात वाजव, तं? मांडवाच्या बाहेर?"

नखाने वहीची शिवण उकरत होती. मग म्हणाली, "नाई जाणार."

"मीठ बंद झालं तरी?"

"दुकानं लय हायेत आता, आजी."

मला हसू आलं. बाने ऐकलं असतं तर त्यालाही आलं असतं, बहुतेक. दुकानं लय आहेत हे खरं. पण दुकानं वाढली म्हणून वाणी बदलला असं थोडंच

हे राहू दे अर्धंच.

विचारलं, तुला त्यात आवडलं काय? तो तर नुसता खडखडाट. म्हणाली, तंबूत पहिल्या दिवशी त्या बाईने झाकण वाजवलं तेव्हा वाटलं, हे चुकीचं आहे असं म्हणायला इथे कोणी बसलेलंच नाही. कॉलेजात, परीक्षेत, मुलाखतीत, सगळीकडे कोणीतरी बसलेलं असतं.

पहिल्या दिवशी? तंबूत तर आपण दुसऱ्या दिवशी गेलो. म्हणजे गवई ऐकताना मला खुर्चीत डुलकी लागली, तेव्हा ही एकटी जाऊन आली होती. आणि पास ईरानेच दिलेले, रांगोळीच्या दुकानात ओळख झाली होती दोघींची. सगळं आधीच ठरलेलं, मला भजनाचं नाव सांगून नेलं. कबूल केलं सगळं. कबूल करताना खाली नाही पाहिलं.

सुनेचा फोन. "आई, तुम्ही ठरवा." सगळे मलाच शहाणी समजायला लागलेत. पहिल्यांदा अशी पाळी आली की अडाणी असल्याचं वाईट वाटलं. वाचता येत असतं तर म्हटलं असतं, थांबा, आधी वाचून सांगते.

२३ जाने., शुक्र.

परवा रविवार.

आज मी म्हटलं, खरखरवाल्यांचं ते डफडं घरी आण. प्र.ला पटेना. "काहून? फोडशीन?" तिलाही आता संशय घेता येतो, माझीच नात. म्हटलं, मला कातडं बघायचं आहे.

दुपारी चादरीत गुंडाळून घेऊन आली, कोणाचं बाळ असल्यासारखं. मागल्या अंगणात बसलो. वि.ची सुट्टी, तो पुढे मोटरसायकल उघडून बसला होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं त्याने, वर मान केली नाही.

हातात घेतलं. सत्तर वर्षांनी. हलकं वाटलं. तेव्हा बाचं दोन्ही हातांनी उचलावं लागायचं, म्हणजे ते लहान झालं नाही, मी मोठी झाले. बोट मारलं, भद्द. ढिलं पडलं होतं. म्हटलं, पेपर आण जुने. जाळ केला, धरलं त्यावर, फिरवत. फिरवायचं असतं, एका जागी धरलं की कातडं करपतं. हे मी कोणाला विचारलं नाही, हाताला ठाऊक होतं. घरात शेकायचं काम माझंच होतं. बा बिडी ओढत बसायचा आणि मी फिरवत राहायचे.

शेकून झालं की बा माझ्या हातातून घ्यायचा आणि आधी घरामागेच वाजवून बघायचा. कातडं कसं बोलतं ते बघायला. ती चाल मयताची नाही, लग्नाची नाही, पाटलाची नाही. ती गावाने कधी ऐकलीच नाही. बोलावणं यायच्या आधीची, नाहीतर बोलावणं आलंय आणि निघायला अजून घटका आहे, तेवढ्यातली. वाजवताना बा मान जराशी तिरपी करायचा. दुसऱ्या कोणत्याही वेळी तो तसा दिसला नाही.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. मलाच आठवत नव्हती. कातडं गरम झालं तेव्हा आठवली.

प्र.ला काही न सांगता वाजवायला लागले. जाड काडी उजव्या हातात. सूर वाकडा. पण आलं. एक फेरा आला, दुसरा आला. मग जिथे ती चाल वळायची तिथे येऊन हात थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच.

"आजी, हे कशाचं हाये?"

"कशाचंच नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे कशाचंच नाई. तेच तं."

खरखरवालीचं यंत्र तिने बरोबर आणलं होतं, ते लावायला उठली. मी हात धरला, बस म्हटलं. ती बसली. यंत्र नाही लावलं. हे मी पाहिलं.

वि. कधी दारात आला कळलं नाही. हात काळे, तसेच अधांतरी धरलेले. मला वाटलं आता बोलेल. तो पायरीवर बसला. मी तिसऱ्यांदा वाजवलं, तिसऱ्यांदा तिथेच अडले.

"आजोबाचं?" त्याने विचारलं.

"त्याचं स्वतःचं. एवढं एकच."

आता प्र. हे सगळं लिहून घेते आहे, तिथेच अंगणात, वही मांडीवर. मध्ये मध्ये मान वर करते. रविवारचं काय, ते ओठांवर आहे तिच्या, विचारत नाही. वि. पण विचारत नाही. आणि मला हे समजत नाहीये की ही एवढी एक चाल नागपूरच्या लोकांसमोर नेली तर ती बाची राहील, की तेही एक बोलावणंच झालं. हो म्हणवत नाही. नाही म्हणायला काडी खाली ठेवावी लागेल, तीही ठेवलेली नाही.

जाळ विझला. वि. म्हणाला, "माय, गार होऊन राह्यलं ते." उठून घरात गेला, रद्दीचा गठ्ठा घेऊन आला, आणि माझ्याशेजारी बसून एकेक पेपर चुरगाळायला लागला.

थांबा जरा दोघं. ते वळण आठवू द्या आधी.